डच जहाजांचं चित्र कॅनव्हासवर : सांगलीच्या गणपती पेठेतल्या फ्रेमवाल्याचं काम

छपाई उत्तम. डच चित्रकार विलेम फान डे फेल्डे धाकटा याच्या १६८६ च्या अ‍ॅमस्टरडॅम बंदराच्या चित्रात मोठ्या जहाजाच्या डोलकाठीचे दोर अगदी सुटे दिसतात, नेमके तेच छपाईत आधी बिघडतात. मूळ चित्र तीन मीटरहून रुंद आहे. इथे ३६ इंच रुंदीला २०० डीपीआयने (इंचाला २०० ठिपके) ७२०० पिक्सेल लागतात. फाइल पेनड्राइव्हवरच द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि दोर तुटक येतात.

रंगाबाबत मात्र सांगावंच लागतं. मशीनचं ऑटो करेक्शन चालू राहिलं तर राखाडी ढगाळ आभाळ निळंशार होतं, आणि या चित्रांचा जीव त्या आभाळातच असतो. आधी पोस्टकार्डएवढा तुकडा छापून घ्या, दिवसाउजेडी बघा.

चौकटीवर दुमडायला चारी बाजूंनी दोन इंच जास्तीचा कॅनव्हास ठेवायला सांगा. नाहीतर कडेची गलबतं चौकटीच्या बाजूला वळतात. मागे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) नको, सांगलीच्या पावसाळी ओलीत ते फुगतं. पाइनची चौकट घ्या, भिंतीपासून अर्धा इंच सोडून टांगा. काच लावायचा आग्रह होतो, कॅनव्हासला तिची गरज नाही.