ईसीजीच्या ठोक्यांवर आठ महिने: पायवेव्हलेट्स आणि एक लहानसं न्यूरल नेटवर्क

हृदयाचा ठोका नेहमीचा आहे की बिघडलेला, हे ओळखणारं एक मॉडेल मी गेले आठ महिने बांधतोय. ईसीजीचा सिग्नल पायथनमधल्या पायवेव्हलेट्स लायब्ररीने वेव्हलेट्समध्ये, म्हणजे क्षणभर टिकणाऱ्या छोट्या लहरींत, फोडायचा आणि निघालेले गुणांक (कोणती लहर कुठे किती आहे ते सांगणारे आकडे) न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, द्यायचे, एवढीच त्याची रचना. पहिल्या महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर नुसतं कौतुक झालं असतं. कौतुक आजही आहे, पण वेगळ्या कारणांसाठी.

डेटा एमआयटी-बीआयएच या ईसीजी-संग्रहाचा. बॉस्टनमध्ये १९७५ ते १९७९ या काळात घेतलेल्या, ४७ माणसांच्या ४८ नोंदी, प्रत्येक अर्ध्या तासाची, सेकंदाला ३६० नमुने. सुमारे १,१०,००० ठोक्यांवर तज्ज्ञांच्या खुणा आहेत आणि सगळं फिजिओनेट या संकेतस्थळावर मोफत मिळतं.

वेव्हलेटच का? फूरिएच्या नेहमीच्या पद्धतीने सिग्नलमध्ये कोणत्या कंप्रता (सेकंदाला किती कंपनं) आहेत ते कळतं, पण त्या कधी आल्या ते हरवतं. ईसीजीतलं क्यूआरएसचं टोक, म्हणजे प्रत्येक ठोक्यातला उंच, टोकदार भाग, जेमतेम सेकंदाचा दहावा भाग टिकतं, त्यामुळे 'कधी' महत्त्वाचं. ३६० हर्ट्झच्या सिग्नलला वेव्हलेट पाच पातळ्यांत फोडलं, की पहिलीत ९० ते १८० हर्ट्झ, दुसरीत ४५ ते ९०, असं अर्ध्या-अर्ध्याने खाली जात चौथी-पाचवीत साधारण ५.६ ते २२ हर्ट्झ येतं. क्यूआरएसची बरीचशी ताकद तिथेच असते. विजेची घरघर दुसऱ्या पातळीत सापडते, मग ती अमेरिकेतली ६० हर्ट्झची असो वा आपल्याकडची ५० ची.

मी प्रत्येक ठोक्याचे आर-टोक (क्यूआरएसमधला सर्वांत उंच बिंदू) मध्यभागी धरून २५६ नमुने घेतो. पहिल्या दोन पातळ्या टाकून दिल्या की ६४ आकडे उरतात. एवढ्यावर दोन थरांचं नेटवर्क माझ्या जुन्या लॅपटॉपवर जीपीयूशिवाय ट्रेन होतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. शिवाय चुकलेला ठोका हातात घेऊन कोणत्या पातळीतल्या गुणांकांनी घोळ केला, हे पाहता येतं.

दोन ठिकाणी बराच वेळ गेला, ती नवख्यांनी आधीच जाणून घ्यावीत. या लायब्ररीतल्या 'डीबी४' या वेव्हलेटचा, मी वापरतो त्याचा, फिल्टर आठ गुणांकांचा आहे. काही पुस्तकांत 'डी४' म्हणजे चार गुणांकांचा फिल्टर. इथे त्याचं नाव 'डीबी२'. मी जुन्या पेपरातलं गणित जुळवत आठवडाभर बसलो होतो. दुसरं, तुकड्याच्या कडांशी, जिथे पुढचे नमुने नसतात तिथे, काय धरायचं हा प्रश्न. मुळातली सेटिंग ठेवली तर २५६ नमुन्यांचे पहिल्या पातळीत १२८ नाही, १३१ गुणांक मिळतात. 'पीरिऑडायझेशन' निवडलं की हिशेब नेमका बसतो, पण त्यात तुकड्याचा शेवट सुरुवातीला जोडला जातो. दोन टोकांच्या उंचीत फरक असेल तर तिथे खोटी उडी तयार होते. म्हणून श्वासाबरोबर हलणारी आधाररेषा आधी काढावी लागते, आणि तीही ठोका कापण्यापूर्वी, संपूर्ण ६,५०,००० नमुन्यांच्या नोंदीवर. त्यासाठी नोंद आठ पातळ्यांपर्यंत फोडून शेवटी उरलेला संथ भाग शून्य केला की ०.७ हर्ट्झखालचं जवळजवळ सगळं जातं.

आता खरा धडा. सुरुवातीला सगळे ठोके एकत्र करून, पत्ते पिसावेत तसे पिसून, थोडे तपासणीला बाजूला ठेवले. निकाल इतका उत्तम आला की त्या रात्री झोप लागली नाही. पण एकाच माणसाचे ठोके शिकण्यातही होते आणि परीक्षेतही. नेटवर्कने आजार शिकण्याऐवजी माणसं पाठ केली होती. शिवाय सुमारे नव्वद टक्के ठोके नेहमीच्या गटातले आहेत, म्हणजे डोळे मिटून 'नेहमीचा' म्हणणाराही नव्वदच्या आसपास गुण मिळवतो. पेसमेकरवाल्या चार नोंदी वगळून उरलेल्या ४४ नोंदी २२ शिकण्याला आणि २२ परीक्षेला अशा वेगळ्या केल्या, तेव्हा चित्र बदललं. या प्रचलित वाटणीतही एक गोम आहे: नोंद २०१ आणि २०२ एकाच माणसाच्या आहेत, आणि त्या दोन वेगवेगळ्या गटांत पडतात. मी २०२ काढून टाकली.

नव्या परीक्षेत निलयातून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून, उठणारे ठोके बऱ्यापैकी ओळखले गेले, कारण त्यांचा आकारच रुंद आणि वेगळा असतो. अलिंदातून, म्हणजे वरच्या कप्प्यांतून, अवेळी उठणारे मात्र निम्म्याहून जास्त सुटले. मी वेव्हलेट बदलले, पातळ्या बदलल्या, थर वाढवले. फरक पडेना. मग लक्षात आलं की या ठोक्यांचा आकार पुष्कळदा नेहमीसारखाच असतो, ते फक्त लवकर येतात. माझी खिडकी ०.७१ सेकंदाची; मागचा ठोका बहुतेक वेळा तिच्या बाहेर. जे खिडकीतच नाही ते कोणतं वेव्हलेट दाखवणार? मागच्या आणि पुढच्या ठोक्यापर्यंतचं अंतर, आणि त्या माणसाचं सरासरी अंतर, असे तीन आकडे त्या ६४ ना जोडले. आठ महिन्यांतली सगळ्यात मोठी सुधारणा त्या तीन आकड्यांनी दिली.

सतत (कंटिन्युअस) वेव्हलेटने स्कॅलोग्रामची, म्हणजे वेळ आणि कंप्रता एकत्र दाखवणारी, चित्रं काढून ती कॉन्व्होल्यूशनल नेटवर्कला (चित्रं ओळखणाऱ्या नेटवर्कला) द्यायची पद्धतही महिनाभर वापरली. चित्रं देखणी असतात आणि शिकवताना फार उपयोगी पडतात. पण लाखभर ठोक्यांच्या चित्रांनी डिस्क भरली, आणि एकेका ठोक्याच्या कामात मला त्यातून जास्त काही मिळालं नाही. लांब, गुंतागुंतीच्या सिग्नलसाठी ती वाट मी पुन्हा घेईन.

सध्या घरच्या सेन्सरवर घेतलेला माझाच ईसीजी तपासतोय. तो सेकंदाला २५० नमुन्यांचा, त्यामुळे तसाच दिला तर चौथी पातळी ११ ते २२ ऐवजी ८ ते १६ हर्ट्झवर सरकते आणि नेटवर्क भलतंच बोलतं. आधी ३६/२५ या प्रमाणात पुनर्नमुने घ्यावे लागतात. काल रात्री ते केल्यावर पहिल्यांदा सलग दहा मिनिटांचे ठोके मॉडेलने नेहमीचे म्हणून ओळखले. पुढच्या आठवड्यात आईचा ईसीजी घेणार आहे.