रायझन ५ २६००: ताणायचा की बदलायचा?

बी४५० मदरबोर्डवर एएमडीचा २०१८ चा रायझन ५ २६०० प्रोसेसर असेल, तर पीसीचा वेग वाढवायची फुकटातली वाट म्हणजे ओव्हरक्लॉकिंग: प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जायचं, व्होल्टेज जरा वाढवून सगळे सहा कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, ४ गिगाहर्ट्झच्या आसपास बसवायचे. पण एक-दोन कोअरचं काम असेल तर हा प्रोसेसर स्वतःहूनच ३.९ पर्यंत जातो. त्यामुळे व्हिडिओ एन्कोडिंगमध्ये थोडा फायदा दिसेल, गेममध्ये मात्र दुधाची तहान ताकावर. वर उष्णता आणि पंख्याची घरघर. (वॉरंटीची काळजी नको, ती केव्हाच संपली असेल.)

त्याच मदरबोर्डच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या जागेत) २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. कोअर तेवढेच सहा, कमाल वेग ४.४. पण खरी गंमत कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीत आहे. जुन्यात १६ एमबी एल३ कॅश दोन गटांत वाटलेली: तीन कोअरना ८, उरलेल्या तिघांना ८. नव्यात ३२ एमबी सगळ्यांची सामायिक. शिवाय तेवढ्याच गिगाहर्ट्झमध्ये काम बरंच जास्त उरकतं. ओव्हरक्लॉकिंग ही दरी भरून काढू शकत नाही, म्हणून माझं मत सरळ बदलण्याच्या बाजूने.

फक्त बायोस आधी अपडेट करा, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. आणि कूलर सरळ वर ओढू नका. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली असली की प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी पीसी थोडा तापवा, मग कूलर हलकेच पिळत काढा.

गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डच पूर्ण क्षमतेने राबत असेल, तर दोन्ही वाटा सोडा. पैसे कार्डासाठी ठेवा.