कुडाळातली भाषण लिहून देणारी सेवा: माझा अनुभव

कुडाळ एसटी स्टँडच्या मागे एक छोटं डीटीपीचं दुकान आहे, तिथे संध्याकाळी एक रिटायर्ड मराठीचे सर बसतात आणि भाषणं लिहून, तपासून देतात. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, १ मेच्या कार्यक्रमात बोलायचं होतं म्हणून गेलो. दोन पानांचे ३०० रुपये घेतले, आणि खरं सांगतो पैसे वसूल झाले.

जायचं कारण वेगळंच. फेब्रुवारीत आमच्या शाळेत शिवजयंतीला एक पुढारी आले आणि माईकवर "जयंतीनिमित्त श्रद्धांजली वाहतो" म्हणाले. पोरं हसली, बाई खाली बघायला लागल्या, मला मात्र खूप वाईट वाटलं. जयंतीला अभिवादन करतात हे चौथीतल्या पोराला कळतं.

सरांनी माझा कागद घेतला आणि लाल पेनाने पहिलीच खूण केली ती "माझ्या शुभहस्ते" वर. स्वतःच्या हाताला स्वतः शुभ म्हणायचं नसतं. मग "तुमची मदत करीन" चं "तुम्हाला मदत करीन" केलं, ते हिंदीतून आलंय म्हणाले. पण सगळ्यात मोठी चूक पुढे होती, मी लिहिलेलं "पाणी मिळाल्याशिवाय मी गप्प बसल्याशिवाय राहणार नाही". त्यांनी मला ते तीनदा मोठ्याने वाचायला लावलं, मग म्हणाले, आता याचा अर्थ सांगा. एक "शिवाय" जास्त पडला आणि मी पाणी नसतानाही गप्प बसणार असा अर्थ झाला!! सभेत जोशात बोलताना पुढाऱ्यांचं हेच होतं, नकारावर नकार चढत जातो आणि आश्वासन उलटं होऊन बसतं. त्यांनी सरळ करून दिलं: "पाणी मिळेपर्यंत मी गप्प बसणार नाही."

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे मालवणीला त्यांनी हात लावला नाही. "तुमचो आशीर्वाद माका व्हयो" हे शेवटचं वाक्य मीच घाबरत काढणार होतो, त्यांनी ठेवायला लावलं. बोली म्हणजे चूक नव्हे, अर्थ फिरला की चूक, असं त्यांचं म्हणणं आणि मला ते शंभर टक्के पटलंय. आपल्याकडे दशावतारात लिहिलेली संहिता नसताना नट रात्रभर संवाद बोलतात, वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै १९५७ पासून सलग तीनदा राजापुरातून लोकसभेत गेले आणि त्यांचं वक्तृत्व अजून लोक आठवतात. अशा मुलखात माणसं भाषण कान देऊन ऐकतात, मग बोलणाऱ्याने दोन तास तयारी करायला काय हरकत आहे?

भाषण मोबाईलवर रेकॉर्ड करून परत ऐकवतात, कुठे थांबायचं तिथे तिरकी रेघ मारून देतात, ती रेघ स्टेजवर खूप कामाला येते.

एकच तक्रार, छपाईचा फाँट बारीक आहे, मांडवात उन्हात वाचताना मला त्रास झाला, आधीच मोठ्या अक्षरात काढून मागा. निवडणूक लागली की गर्दी असते, निदान चार दिवस आधी जा. सहानंतर भेटतात, रविवारी बंद.