आडदांड नर बदक: माद्या वाढवायच्या, नर वेगळा करायचा की नर ठेवायचाच नाही?

परसात चार-सहा बदकं पाळणाऱ्याला हा प्रश्न सुरुवातीचे काही महिने पडत नाही. पिल्लं एकत्र डुंबतात, एकमेकांना चिकटून झोपतात. मग पाच ते सात महिन्यांच्या सुमारास नर वयात येतात, दिवस मोठे व्हायला लागतात, आणि एका सकाळी खुराड्याचं दार उघडलं की एक मादी बाहेरच येत नाही.

माझ्याकडे तीन माद्या आणि दोन नर होते. कोपऱ्यात बसून राहिलेल्या मादीला उचलून घेतलं, तर वरवर ती ठणठणीत दिसत होती. मानेमागची पिसं बोटाने उलटी फिरवल्यावर खाली नखाएवढी उघडी कातडी आणि त्यावर काळी खपली सापडली. तेव्हापासून दर आठवड्याला प्रत्येक मादीची मान मी हाताने तपासते. नुसत्या नजरेला ही जखम दिसत नाही, वरची पिसं ती झाकून टाकतात.

उपाय निवडण्याआधी एवढं नक्की करा की हा खरोखर छळ आहे. नेहमीच्या समागमात नर-मादी दोघंही माना वर-खाली करतात, मादी पाण्यावर सपाट होते, नर तिच्या मानेची पिसं चोचीत धरतो आणि काही सेकंदांत उतरतो. त्यानंतर मादी निवांत अंघोळ करते. मानेवरची थोडी पिसं विरळ होणं यात आलंच. पण मादी ओरडत पळत असेल, नर जवळ असताना खायला येत नसेल, लंगडत असेल, डोळ्याला इजा झाली असेल किंवा दोन नर एकाच मादीवर चढत असतील, तर थांबू नका. खोल टबात तर जिवाचाच धोका असतो. नर मानेला धरून वर बसला की मादीचं डोकं पाण्याखाली जातं, आणि एकामागून एक नर चढले तर ती बुडून मरू शकते. अशा वेळी त्याच दिवशी नर बाजूला काढायचे, बाकीचा विचार नंतर.

हा सगळा हार्मोनचा खेळ आहे. प्रकाशाचे तास वाढले की नराची वृषणं कित्येक पटींनी मोठी होतात आणि त्याची धाव थांबत नाही. पिसं झडायचा काळ आला की तोच नर मवाळ होतो. म्हणून ओरडून, पाणी मारून किंवा काठी दाखवून त्याला वळण लागत नाही. थंडीतही अंडी मिळावीत म्हणून खुराड्यात दिवा लावत असाल, तर तो उजेड नरालाही चेतवतो. फुकटात होणारा पहिला उपाय म्हणजे तो दिवा बंद करणं.

माद्या वाढवणं की नर वेगळे करणं

सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला म्हणजे माद्या वाढवा. हलक्या जातींत एका नरामागे पाच-सहा माद्या आणि भारी जातींत तीन-चार, हे प्रमाण बरोबरच आहे. पण ते कळप सुरू करताना पाळायचं प्रमाण आहे. छळ सुरू झाल्यावर त्याचा औषध म्हणून फारसा उपयोग होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं कारण म्हणजे नराची आवडती मादी. आठ माद्या असल्या तरी काही नर रोज एकीच्याच मागे लागतात. नव्या माद्या आणून तिच्यावरचा भार वाटला जाईल असं आपण धरून चालतो, पण तसं होईलच असं नाही. दुसरं कारण वेळेचं. पिल्लं आणली तर त्यांतली निम्मी नर निघू शकतात. आवाजावरून फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात: मादी मोठ्याने क्वॅक करते, नराचा आवाज घोगरा आणि दबका होतो. नराच्या शेपटीवरचं वळलेलं पीस दिसायला तर तीन-चार महिने जातात. तोवर जखमी मादी तशीच राहते, आणि लहान माद्या नरासोबत सोडताही येत नाहीत. मोठ्या माद्या आणल्या तर रोग येऊ नये म्हणून दोन ते चार आठवडे त्यांना वेगळं ठेवावं लागतं. म्हणजे नराला वेगळं करायचा त्रास वाचवायला निघालो, तरी दुसरं कुंपण घालावं लागतंच.

जागेचा हिशेबही करा. दोन नरांसाठी दहा माद्या म्हणजे एकूण बारा बदकं. खुराड्यात प्रत्येकी किमान 4 चौरस फूट आणि बाहेर फिरायला 10 ते 15 चौरस फूट धरले, तरी बाहेरचीच जागा 120 ते 180 चौरस फूट होते. जागा कमी पडली की पळायला वाट राहत नाही आणि छळ उलट वाढतो.

नर वेगळे केले तर फरक त्याच संध्याकाळी दिसतो. दोन-तीन नर मिळून स्वतंत्र कुंपणात ठेवले, तर पहिले काही दिवस छातीने रेटारेटी होते, मग बहुतेक वेळा ते शांत होतात, कारण भांडण्याजोगं कुणी समोर नसतं. इथे एक गोष्ट हमखास चुकते. नुसती जाळी लावली आणि पलीकडे माद्या दिसत राहिल्या, तर नर दिवसभर जाळीच्या कडेने येरझाऱ्या घालतात आणि आपसांतही भांडतात. जाळीला खालच्या बाजूने बदकाच्या उंचीहून वर जाईल अशी फळी किंवा जाड कापड लावा. नजरेआड झाल्यावर फरक पडतो.

याचा आणखी एक फायदा खाद्याचा. अंड्यांवरच्या माद्यांच्या खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. अंडी न घालणाऱ्या नराला तेच दीर्घकाळ दिलं तर त्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो. वेगळे नर असले की त्यांना त्यांच्या गरजेचं खाद्य देता येतं, माद्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायची कसरत उरत नाही. तोटा म्हणजे दोन खुराडी, दोन पाण्याचे टब, आणि रोज संध्याकाळी दोन दारं बंद करायचं काम. ते काम रोज होणार नसेल, तर हा उपाय निवडू नका.

नर एकच असेल तर

एकट्या नराला पूर्ण वेगळं कोंडणं क्रूरपणाचं आहे, बदक हा सोबतीने जगणारा पक्षी आहे. अशा वेळी अर्धवेळ वेगळं ठेवणं मला जास्त पटतं. छळाला सगळ्यात वाईट जागा म्हणजे बंद खुराडं, कारण तिथे मादीला पळता येत नाही. खुराड्यातच मधोमध जाळी टाकून रात्री नर एका बाजूला ठेवा आणि सकाळी माद्यांना आधी सोडा. त्या खाऊन-पिऊन, अंघोळ करून झाल्या की मग नराला सोडा, तेही मोकळ्या जागेत. एकाऐवजी दोन-तीन उथळ टब ठेवा आणि आडोशाला झुडपं, फळ्या असू द्या. एवढ्याने काही नर सुधारतात. दोन आठवड्यांत मानेची खपली भरत नसेल, तर हा नर त्यातला नाही असं समजून पुढचा निर्णय घ्या.

नर ठेवायचाच कशाला?

हा प्रश्न बरेचजण फार उशिरा विचारतात. मादी नराशिवाय अंडी देते आणि तेवढीच देते. पिल्लं हवी असतील तरच नर लागतो. फक्त अंड्यांसाठी बदकं पाळली असतील तर नर नसलेला कळप हा सगळ्यात शांत कळप असतो, आणि मी आज नव्याने सुरुवात केली तर तसाच करीन. मधूनच पिल्लं हवी झाली, तरी नर कायम कळपात लागत नाही. मादीच्या शरीरात वीर्य टिकतं, त्यामुळे नर बाजूला केल्यावरही साधारण दोन आठवडे फलित अंडी मिळू शकतात.

अडचण असते ती असलेल्या नराचं काय करायचं ही. जास्तीचे नर सगळ्यांकडेच असतात, त्यामुळे घेणारा सहज मिळत नाही. घरात बदक खाल्लं जात असेल, तर नीट, वेदना कमीत कमी होतील अशा रीतीने तो कापणं हा प्रामाणिक मार्ग आहे. माद्यांना रोज ओरबाडून घ्यायला लावण्यापेक्षा तो बरा. तळ्यावर नेऊन सोडणं मात्र मुळीच नाही. पाळीव बदकाला नीट उडता येत नाही, ते कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जातं किंवा उपाशी मरतं, आणि वाचलंच तर रानबदकांशी संकर करतं.

दोन नरांपैकी एकच काढायचा असेल तर जास्त आडदांड काढा. उरलेला कधी कधी आपोआप निवळतो, कारण चढाओढ संपलेली असते.

कोंबड्याही त्याच आवारात असतील तर तडजोड नको. बदकाच्या नराला पिळदार, लांब अवयव असतो, कोंबड्याला तसा नसतो. नर बदक कोंबडीवर चढला तर तिला आतून इजा होऊन ती दगावू शकते. तिथे माद्या वाढवण्याचा पर्याय बादच समजा. मस्कोव्ही या मोठ्या बदकांच्या जातीतही जपून, कारण नर मादीच्या जवळपास दुप्पट वजनाचा असतो, आणि शेपटीवर वळलेलं पीस नसल्याने त्या खुणेवरून तो ओळखता येत नाही.

मादीची पिसं वाचवायला पाठीवर बांधायचं कापड कोंबड्यांना चालतं, बदकांच्या अंगावर ते भिजून जड होतं. नराचा हार्मोन रोखणारं, कातडीखाली बसवायचं औषध (इम्प्लांट) पक्ष्यांचा जाणकार डॉक्टर बसवू शकतो, पण त्याचा परिणाम काही काळाने ओसरतो.

नर माणसांवर धावून जात असेल तर तो निराळा विषय. हातावर एकटा वाढवलेला नर माणसालाच आपल्यातलं समजतो. लाथ मारू नका, पळूही नका. त्याला काखेत धरून शांत होईपर्यंत फिरा आणि मग खाली सोडा, रोज, न चुकता.

माझे दोन्ही नर वेगळ्या कुंपणात गेले. त्या मादीच्या मानेवरची उपटलेली पिसं काही आठवड्यांत काटेरी कोंबांसारखी वर आली. जी नुसती मोडली होती, ती मात्र पुढची पिसं झडेपर्यंत तशीच राहिली. पिसं झडून नवी आल्यावर एका नराला संध्याकाळी तासभर मोकळ्या अंगणात माद्यांमध्ये सोडलं आणि मी टबाशेजारी बसून राहिले. ती मादी त्याच्यापासून चार हातांवर चरत राहिली, पण आडोशाला गेली नाही. तेव्हापासून त्याची वेळ मी आठवड्याला थोडी थोडी वाढवते आहे.