गोठणारा पाऊस: आधी मिठाचं पाणी की वेळेवर जाडं मीठ?

हिमवर्षावाआधी रस्त्यावर सुमारे 23 टक्के मिठाचं पाणी फवारणं उत्तमच. बर्फ डांबराला घट्ट चिकटत नाही. गोठणारा पाऊस मात्र वेगळा. तो पाणी म्हणूनच पडतो आणि थंडगार रस्त्याला टेकताच गोठतो. पहिल्या जोरदार सरींत फवारा वाहून जातो, सगळी मेहनत वाया.

जाडं मीठ किंचित ओलं करून टाकलं, तर ते उसळून कडेला जात नाही. दाणा थराला भोक पाडत खाली उतरतो आणि बर्फाची पकड सुटते. पाऊस थांबेपर्यंत फेऱ्या माराव्याच लागतात, हे खरं. उणे 10 अंशांखाली मीठ फार मंदावतं. तिथे वाळू बरी.

माझं मत जाड्या मिठालाच. आणि पहिली फेरी पुलांवर हवी, कारण खालूनही वारा लागत असल्याने ते आधी गोठतात.