तिसऱ्या दिवशी फरक पडला, तिथेच मी फसले

माझी कातडी लहानपणापासून कोरडी. थंडीत नडगीवर नख ओढलं की पाटीवर खडूने रेघ मारावी तशी पांढरी रेघ उठायची. बदली होऊन छत्रपती संभाजीनगरला आले आणि त्रास चेहऱ्यावर आला. घरी बोअरचं जड पाणी, बँकेत दिवसभर डोक्यावर एसी. दुपारी तीनच्या सुमारास गाल इतके ताणायचे की गिऱ्हाइकाशी हसून बोलतानाही चुरचुर व्हायची. सासूबाई सावंतवाडीच्या. त्यांनी मुठेल दिलं होतं, कोकमाच्या बियांचं तेल थिजल्यावर मुठीत वळून करतात ते. टाचांच्या भेगांना त्याचा चांगला गुण आला, पण तोंडाला लावून बँकेत जाणं मला जमेना. आणखी काहीतरी हवं, असं सतत वाटत होतं. अशा वेळी माणूस जाळ्यात सापडतो.

मला सापडवलं गाढविणीच्या दुधाने. हे ऐकून कुणी नाक मुरडेल, पण मराठवाड्यात वाढलेल्यांना ते परकं नाही. आमच्या गल्लीत गाढवीण आणि तिचं पिल्लू घेऊन माणूस यायचा, दारात धार काढायचा आणि खोकणाऱ्या पोराला चमचाभर पाजायचा. चमच्याचे पैसे घ्यायचा आणि आया निमूट द्यायच्या. त्यामुळे मोबाइलवर एका बाईंचा व्हिडिओ आला, "हलारी गाढविणीच्या दुधाचं क्रीम, सुकलेल्या त्वचेला पाणी धरून ठेवतं", तेव्हा मला शंका आली नाही, उलट ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं वाटलं. त्या बाईंनी माझ्या याच आठवणीवर धंदा केला, हे आज कळतंय.

व्हिडिओखालच्या नंबरावर मेसेज केला आणि पाच मिनिटांत फोन आला. बोलणं अगदी घरच्यासारखं. "ताई, तुमची स्किन ड्राय नाही, डिहायड्रेटेड आहे. तेलाने काही होणार नाही." हे मला पटलं, कारण ते अर्धं खरं होतं. कोरडी म्हणजे तेल कमी, निर्जलित म्हणजे पाणी कमी, हा फरक त्वचारोगतज्ज्ञही सांगतात. अर्धं खरं बोलणाऱ्यावर आपण उरलेल्या अर्ध्यासाठीही विश्वास टाकतो. 50 ग्रॅमची डबी 1,499 रुपये, तीन घेतल्या तर 3,600. पैसे दुकानाच्या नव्हे, एका माणसाच्या नावावर यूपीआयने गेले. बिल मागितलं तर म्हणाल्या, "घरगुती उत्पादन आहे ताई, बिल कशाला?" बँकेत बसून दुसऱ्यांना रोज सावध करणारी मी, तरीही तीन डब्यांचे पैसे पाठवले.

डबी आली. गुलाबाच्या अत्तराचा वास, फिकट पिवळं मऊ क्रीम. झाकणावर गाढविणीचं चित्र, बाजूला "100 टक्के नैसर्गिक". पहिल्या रात्री लावलं. दुसऱ्या दिवशी चुरचुर कमी. तिसऱ्या दिवशी गालावरचे पापुद्रे गेले, लालसरपणा गेला, आठवड्यात तर चेहरा उजळ दिसायला लागला. शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, काय लावता? मी अभिमानाने सांगितलं. नणंदेलाही एक डबी दिली. तिच्या लग्नाला दोन महिने होते. ही गोष्ट लिहिताना आजही हात थांबतो.

अडीच महिने रोज दोनदा लावलं. मग गावी गेले आणि डबी घरीच राहिली. चौथ्या दिवशी चेहरा पेटला. पेटला हाच शब्द. नळाचं गार पाणी लागलं तरी चटका बसायचा, गाल लाल, हनुवटीभोवती बारीक पुळ्या. परत येऊन क्रीम लावलं तर दोन तासांत शांत. बंद केलं की पुन्हा आग. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, "ताई, आतलं विष बाहेर येतंय. दिवसातून तीनदा लावा." आणि आणखी तीन डब्या घ्यायला सांगितल्या.

त्या डब्या घेतल्या नाहीत, एवढं एकच मी शहाणपणाने केलं. त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुधाबद्दल काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "फरक किती दिवसांत पडला?" मी म्हटलं, तिसऱ्या दिवशी. मग त्यांनी हातात भिंग धरून मला आरसा दिला. गालांवर लाल रेशमी धाग्यांसारख्या रक्तवाहिन्या दिसत होत्या आणि कानशिलापासून गालापर्यंत बारीक काळी लव. ती लव मी रोज आरशात पाहत होते आणि वयाची समजत होते.

त्यांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगते. सुकलेली त्वचा तीन दिवसांत दुरुस्त होत नाही. वरचा थर नव्याने तयार व्हायला काही आठवडे लागतात. मॉइश्चरायझर लावलं की मऊपणा लगेच येतो, पण लाली, खाज आणि पापुद्रे एकदम गायब होऊन वर रंगही उजळला, तर संशय स्टिरॉइडचा घ्यायचा. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून चेहरा गोरा दिसतो. दाह दाबून टाकतं, म्हणून बरं वाटतं. आणि आतून कातडी पातळ करत जातं. पातळ कातडीतून पाणी आणखी उडतं. म्हणजे ज्या कोरडेपणासाठी मी पैसे मोजले, तोच ते क्रीम आतून वाढवत होतं आणि वरून झाकत होतं.

न उघडलेली तिसरी डबी माझ्याकडे होती. ती एका खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतली. अहवालात क्लोबेटासॉल निघालं, स्टिरॉइड मलमांत सगळ्यात जोरकस मानल्या जाणाऱ्यांपैकी एक. हे औषध डॉक्टर सोरायसिससारख्या आजारात मोजून, थोड्या दिवसांसाठी देतात, चेहऱ्यावर तर टाळतातच. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. माझ्या डबीवर त्याचं नाव कुठेच नव्हतं.

त्यानंतर मी डबी पहिल्यांदा नीट वाचली. उत्पादकाचा पत्ता म्हणून फक्त शहराचं नाव. परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, घटकांची यादी नाही. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधनावर हे सगळं छापावंच लागतं. स्टिकरचा एक कोपरा सुटला होता. तो ओढला तर खाली दुसरं स्टिकर, त्यावर केशर-चंदन. त्याच डब्या, चित्र फक्त बदललेलं.

दुधाचा हिशेबही तेव्हाच केला, जो आधी करायला हवा होता. गाढवीण दिवसाला फार तर लीटर-दीड लीटर दूध देते, आपल्याकडे बहुतेकदा त्याहूनही कमी, आणि तेही पिल्लू असेल तोवर. म्हणून ते हजारो रुपये लीटरने विकलं जातं. शिवाय त्या दुधात स्निग्धांश जेमतेम एक टक्का, म्हशीच्या दुधात सहा-सात. "साईसारखं घट्ट पोषण" हे त्यांचं वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही. आणि हलारी गाढवं सौराष्ट्रातली, जामनगर-द्वारकेकडची, पांढऱ्या रंगाची, संख्येने फार थोडी उरलेली. व्हिडिओतली गाढवीण करड्या रंगाची होती. डोळ्यांसमोर होतं आणि मी पाहिलं नाही.

माझा चेहरा सावरायला सात महिने लागले. डॉक्टरांनी ते क्रीम बंद करून सौम्य औषधं दिली, हळूहळू कमी केली. सोबत साधं ग्लिसरीन असलेलं वासाविना मॉइश्चरायझर, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं, कारण ग्लिसरीन पाणी धरतं, पण धरायला पाणी तर हवं. वर हिवाळ्यात पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. तोंड धुवायला साबण नाही, गरम पाणी नाही. महिन्याचा खर्च चारशेच्या आत. चेहऱ्यावर धाग्यांसारख्या त्या रेषा थोड्या राहिल्यात. नणंदेच्या लग्नातले फोटो तिने अजून कुणाला दाखवले नाहीत. ती मला एका शब्दाने बोलली नाही आणि तेच मला जास्त लागतं.

तक्रार मी केली. अन्न व औषध प्रशासनाकडे अहवाल दिला, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पैशांची नोंद केली. उशीर झाला होता, रक्कम केव्हाच पुढे गेली होती. बिल नसल्याने प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच आला. तुमच्याकडे डबी असेल तर फेकू नका, न उघडलेली असेल तर अजिबात नाही. फोनवरचे मेसेज, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, कुरियरचं पाकीट, सगळं जपा.

तो नंबर आता बंद आहे. पण त्या बाईंनी आम्हा गिऱ्हाइकांचा एक ग्रुप केला होता, त्यातले चाळीसेक नंबर माझ्याकडे आहेत. बँकेतून आल्यावर रोज दोन-तीन जणींना फोन लावते. काही ओरडतात, काही रडतात. काल परभणीची एक मुलगी म्हणाली, "पण ताई, मला तर खूप फरक पडलाय." मी विचारलं, कितव्या दिवशी? ती म्हणाली, "तिसऱ्या." मी तिला सांगितलं, आज रात्री लावू नकोस, उद्या डबी पिशवीत घाल आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, मी फोनवर आहे. तिने पत्ता लिहून घेतला. आज संध्याकाळी पुन्हा फोन करायचाय.