सही माझी, कर्ज दुसऱ्याचं

गेली एकवीस वर्षं मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते. थकबाकीदाराला फोन लावणं, जामीनदाराला बोलावून घेणं, वसुलीच्या, म्हणजे कलम १०१च्या, दाखल्यासाठी कागद जुळवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे माझ्याच नावावर चार कर्जं थकली आहेत हे दुसऱ्याच्या टेबलासमोर बसून कळलं, तेव्हा आधी वाटली ती लाज. राग नंतर आला.

जुलै २०२५ची गोष्ट. मुलाला ऐरोलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून माझं नाव घातलं होतं. बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याने माझा पॅन नंबर टाकला, जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, स्कोअर ५८१ येतोय." हा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचे गुण, ३०० ते ९००च्या मध्ये असतो आणि आमचं घराचं कर्ज २०१९मध्ये एकही हप्ता न चुकवता फिटलेलं. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं आलं असेल. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मोबाईल हप्त्यावर घेतल्याचं ६२ हजारांचं कर्ज, दोन ॲपवरून उचललेली १५ आणि ४८ हजारांची, शिवाय एक क्रेडिट कार्ड. व्याज-दंड धरून बाकी १ लाख ३७ हजार ४००. जन्मतारीख माझी, पॅन माझा, नाव माझं. मुलगा शेजारीच बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही. आईने गुपचूप काही केलं की काय, असं क्षणभर त्याच्या डोळ्यांत आलं होतं.

आता मागे वळून बघताना कळतं की खूण आधीच मिळाली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन-तीन फोन आले होते, "तुमचा हप्ता थकलाय." आपल्याला सगळीकडून एकच शिकवण असते ना, अनोळखी माणूस पैशांचं बोलला की कट करा, ब्लॉक करा. मी तेच केलं. एकीला तर मी वर सुनावलं की असले धंदे बंद करा. फोन ब्लॉक करायला माझी हरकत नाही, पण त्याच संध्याकाळी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट उघडून बघितला असता तर पाच महिने वाचले असते. हा रिपोर्ट फुकट मिळतो. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या, म्हणजे क्रेडिट ब्युरो, आपल्या देशात असे रिपोर्ट तयार करतात आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी कर्जाच्या धंद्यात असून कधी काढला नव्हता. आमच्याकडे सिबिल नाही, जामीनदार बघतात.

चारही रिपोर्ट काढले. एकीकडे तीन कर्जं दिसत होती, दुसरीकडे चार, म्हणून एकावर थांबू नका. आणि स्कोअरचा आकडा बघून फाईल मिटू नका. खरी मेख खालच्या पानांवर असते. संपर्काच्या रकान्यात माझ्या नंबरशिवाय आणखी दोन मोबाईल नंबर, एक ईमेल आणि मी जन्मात पाऊल न ठेवलेल्या गावाचा पत्ता होता. त्याखाली चौकशांची यादी, म्हणजे कोणत्या कंपनीने कोणत्या तारखेला माझ्या नावाचा रिपोर्ट मागवला. नोव्हेंबर २०२४च्या एका आठवड्यात सात चौकशा. नाव वापरणाऱ्याने सात दारं ठोठावली होती, चार उघडली.

मग सुरू झाले कस्टमर केअरचे फोन, आणि इथे मला हसावं की रडावं कळेना. मी सांगते की हे कर्ज माझं नाही. पलीकडची मुलगी म्हणते, तक्रार घेण्याआधी तुमची ओळख पटवावी लागेल, रजिस्टर्ड नंबरवर ओटीपी पाठवलाय. रजिस्टर्ड नंबर कुणाचा? त्या चोराचा! मी चोर नाही हे सिद्ध करायला चोराच्या मोबाईलवरचा आकडा मला सांगायचा. असं तीन कंपन्यांत झालं. शेवटी फोन सोडून दिला आणि प्रत्येक कंपनीच्या साइटवर तळाशी बारीक अक्षरात तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो, तिथे ईमेल टाकले. नुसतं "कर्ज माझं नाही" असं लिहून भागत नाही. मी मागितलं ते असं: कर्जाचा करारनामा, केवायसीला दिलेले कागद आणि फोटो, ई-सही कोणत्या नंबरवरच्या ओटीपीने झाली, आणि पैसे कोणत्या खात्यात जमा केले. ही शेवटची माहिती सगळ्यांत मोलाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, काही अपवाद सोडले तर, डिजिटल कर्जाचे पैसे कर्जदाराच्याच बँक खात्यात जावे लागतात. म्हणजे माझ्या नावाने कुठेतरी खातंही उघडलेलं असणार. होतंच.

नवव्या दिवशी एका कंपनीने केवायसीची फाईल पाठवली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी ती टेबलावरच उघडली. पॅन कार्ड. नंबर माझा, नाव माझं, आणि फोटोच्या जागी पिवळ्या ओढणीतली, माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान बाई. खाली सही मात्र माझीच, मराठीतली, 'ळ'चा शेवट वर ओढण्याची माझी लहानपणापासूनची खोड तशीच्या तशी. आणि वडिलांच्या नावाच्या ओळीत बाबांचं नाव. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. साधी भाजीची उधारी रात्रीपर्यंत ठेवायचे नाहीत. डबा तसाच झाकून ठेवला.

त्याच फाईलमध्ये आधारचीही प्रत होती आणि तिच्यावर कळव्याचा पत्ता होता. आम्ही कळवा सोडून मानपाड्याला आलो आणि २०२१मध्ये मी आधारवरचा पत्ता बदलला. म्हणजे ही झेरॉक्स त्याआधीची. मी आठवायला बसले. स्टेशनबाहेर छत्री लावून सिम विकणारा पोऱ्या, गणपतीपुळ्याचं लॉज, मुलाच्या क्लासची सवलत, कळव्याचं घर भाड्याने देणारा दलाल. शिवाय ठाणे स्टेशनसमोरच्या सॅटिस पुलाखालचं ते झेरॉक्सचं दुकान, जिथे "ताई, व्हॉट्सॲप करा, प्रिंट काढून देतो" म्हणतात आणि आपण बिनधास्त पाठवतो. परवा मुद्दाम जाऊन बघितलं. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडंच, डावीकडे नुसत्या नंबरांची रांग, प्रत्येकाखाली पीडीएफ. मी त्याच्यावर आळ घेत नाही, माझा कागद नेमका कुठून फुटला ते कळणार नाही. पण तुम्ही प्रिंट घेतली की समोर उभं राहून चॅट पुसायला लावा, आणि तुमच्या फोनवरूनही 'सगळ्यांसाठी डिलीट' करा. चालेल तिथे आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या, ती आधारच्या साइटवरूनच मिळते. आणि झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं, छापील अक्षरांना छेदून लिहा: कुणाला, कशासाठी, तारीख. कोपऱ्यात लिहिलेलं कापता येतं.

पोलिसांकडे जाताना मी सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवून तिची पावती घेऊन गेले. (पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० हा हेल्पलाईन नंबर लगेच लावायचा. माझ्या प्रकरणात पैसे आठ महिन्यांपूर्वीच उडाले होते.) पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून विचारलं, "तुमच्या खात्यातून पैसे गेले का? नाही ना? मग फसवणूक कंपनीची झाली, त्यांना येऊ दे." त्यांचं अगदीच चूक नव्हतं, पण कंपनी येणार नव्हती. ती मलाच फोन करत होती. मी म्हटलं, दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्या खेपेला एका महिला उपनिरीक्षकांनी जबाब घेतला. शिक्का मारलेली पोहोच मिळाली. त्या एका कागदाने जी कामं झाली ती माझ्या दहा ईमेलने झाली नव्हती, त्यामुळे पोहोच घेतल्याशिवाय उठू नका.

ह्या सगळ्यात वसुलीवाले चालूच. नियमाने त्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. मला रात्री साडेनऊला यायचे. एकाने संस्थेच्या लँडलाईनवर फोन करून माझ्या शिपायाला सांगितलं की तुमच्या मॅडम डिफॉल्टर आहेत. मी त्याला म्हटलं, अहो कर्ज मी घेतलेलंच नाही, तर तो म्हणाला, "मॅडम, सगळे असंच म्हणतात."

हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द. तीनेक वर्षांपूर्वी लोकमान्य नगरचे एक रिक्षावाले काका माझ्यासमोर उभे राहून सांगत होते की जामीनदाराच्या रकान्यातली सही त्यांची नाही, आणि मी मान वर न करता त्यांना हेच ऐकवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती फाईल काढून मॅनेजरसाहेबांपुढे ठेवली. सही त्यांची आहे की नाही हे ठरवणारी मी कोण, पण नमुना सह्या मागवून ताडून बघायला काय हरकत होती? तेवढंही आम्ही केलं नव्हतं.

त्याच वसुलीवाल्याने मग गोड आवाजात तोडगा काढला: एवढ्याचं काय घेऊन बसलात, १८ हजारांत सेटलमेंट करून देतो. आमचे हे तयार झाले होते. "डोक्याचा ताप जाईल, सोसायटीत बोभाटा होण्यापेक्षा भरून टाकू." त्या रात्री आमचं चांगलंच वाजलं. मी एक रुपया देऊ दिला नाही, कारण पलीकडच्या खुर्चीतलं गणित मला ठाऊक आहे. कर्जवसुलीचा दावा लावायची तीन वर्षांची कायदेशीर मुदत संपत आली की आम्ही थकबाकीदाराला म्हणतो, पाचशे तरी भरा आणि इथे सही करा. त्या पाचशेने संस्थेचं पोट भरत नाही, पण कर्ज कबूल होतं आणि मुदत नव्याने सुरू होते. शिवाय 'सेटल्ड' असा शेरा रिपोर्टवर बसला की पुढचा प्रत्येक बँकवाला तो वाचतो. न घेतलेल्या कर्जाची तडजोड करायची नसते. लेखी एवढंच कळवायचं की कर्ज मला मान्य नाही, तक्रार क्रमांक अमुक, पोलिसांची पोहोच सोबत जोडली आहे.

ती पोहोच आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडून चारही ब्युरोंकडे प्रत्येक कर्जावर स्वतंत्र हरकत नोंदवली. ह्याला ३० दिवसांची मुदत असते, त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्या कंपनीला. २६ एप्रिल २०२४पासून नियम असा आहे की ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. दोन कर्जं मुदतीत पुसली गेली. तिसऱ्याला १९ दिवस उशीर झाला आणि खात्यात १,९०० रुपये आले. रक्कम किरकोळ, पण मी पासबुकात त्या ओळीखाली पेनाने रेघ मारलीय. क्रेडिट कार्डवाली बँक मात्र "आमच्या नोंदीनुसार व्यवहार योग्य आहे" ह्यापलीकडे सरकेना, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार केली. फी नाही, वकील लागत नाही, फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. ते प्रकरण डिसेंबरात मिटलं. स्कोअर आता ७४८ आहे.

मुलाची पहिल्या वर्षाची फी ह्या गडबडीत थांबणार नव्हती. ती माझ्या पाटल्यांवर सोनेतारण काढून भरली, आमच्याच संस्थेतून. शिपायाने पावती आणून दिली तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. पाटल्या अजून तिजोरीतच आहेत.

चोर सापडलेला नाही. संचार साथी पोर्टलवर माझ्या नावावर दोन अनोळखी सिम निघाली, ती कळवून बंद करवली. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय. पण पॅनला कुलूप घालता येत नाही, आणि पिवळ्या ओढणीवाल्या बाईकडे, किंवा तिचा फोटो वापरणाऱ्याकडे, तो नंबर आहेच. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी रिपोर्ट उघडते, पैसे भरून. गेल्या महिन्यात पुन्हा एक चौकशी दिसली, कुठल्याशा ॲपची, मी नाव कधी ऐकलेलं नाही. ईमेलचा मसुदा तयारच असतो. कंपनीचं नाव आणि तारीख बदलली, पोलिसांची पोहोच जोडली, पाठवला आणि कुकर लावायला गेले.